डिस्क आपली, संगणक कोणाचाही

ऑपरेटिंग सिस्टीम संगणकाच्या आतल्या डिस्कवरच असली पाहिजे, असा काही नियम नाही. ती यूएसबी केबलने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही बसवता येते, आणि मग ती डिस्क ज्या संगणकाला जोडू तेथे आपलाच डेस्कटॉप, आपल्याच फाइली, आपल्या सवयीचे फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांसह काम सुरू करता येते. त्या संगणकावर मुळात असलेल्या विंडोजला हात लावावा लागत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा हा प्रकार आहे. प्रयोगशाळेत रोज वेगळ्या संगणकासमोर बसणारा विद्यार्थी, घर आणि कार्यालय यांमध्ये ये-जा करणारा अनुवादक, किंवा सुरूच न होणाऱ्या विंडोजमधून गिऱ्हाइकाची कागदपत्रे बाहेर काढणारा दुरुस्तीवाला, अशा अनेकांना तो उपयोगी पडतो.

यात सिस्टीम डिस्कवर उतरवणे हा सोपा भाग आहे. अवघड भाग वेगळाच आहे. कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम ज्या यंत्रावर बसवली जाते त्या यंत्राबद्दल बऱ्याच गोष्टी गृहीत धरून चालते: सुरुवात कोठून करायची, डिस्कचे नाव काय, कोणते ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) लागणार, गुप्त किल्ली कोणत्या चिपमध्ये ठेवली आहे. एकाच जागी राहणाऱ्या सिस्टीमला यामुळे वेग आणि सोय मिळते. फिरत्या सिस्टीमला मात्र यातील प्रत्येक गृहीतक कुठे ना कुठे आडवे येते. तेव्हा फिरती सिस्टीम तयार करणे म्हणजे मुख्यतः एका यंत्राशी जुळलेल्या या गाठी एकेक करून सोडवणे होय.

लाइव्ह सिस्टीम आणि पूर्ण स्थापना

कल्पना जुनीच आहे. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘नॉपिक्स’ प्रसिद्ध केले. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटची सॉफ्टवेअर त्यात आवळून बसवलेली होती, आणि सीडी घालून संगणक सुरू केला की हार्ड डिस्कला न शिवता लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालू होत असे. आज पेनड्राइव्हवरून उबंटू हा लिनक्सचा प्रकार ‘चालवून पाहता’ येतो तेही याच तत्त्वावर. मूळ सिस्टीम एका आवळलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि आपण केलेले बदल रॅममध्ये तरंगत राहतात. संगणक बंद केला की ते जातात. ते टिकावेत म्हणून पेनड्राइव्हवर एक वेगळी फाइल किंवा पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) राखून ठेवता येते. ही सोय कामचलाऊ आहे. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फाइली ठेवणाऱ्या पेनड्राइव्हवर अशी फाइल चार गिगाबाइटच्या पलीकडे वाढू शकत नाही, आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्या मूळ फाइलीतूनच चालू होत असल्यामुळे त्याची नवी आवृत्ती बसवूनही प्रत्यक्षात जुनीच चालत राहते.

जेथे काहीच मागे राहू नये अशीच इच्छा असते, तेथे मात्र अशा, स्थापना न करता चालणाऱ्या लाइव्ह सिस्टीमला तोड नाही. डेबियनवर आधारलेली ‘टेल्स’ ही सिस्टीम याच हेतूने बांधलेली आहे: तिची सर्व इंटरनेट-वाहतूक वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून जाते, बंद होताना ती रॅम पुसून टाकते, आणि पेनड्राइव्ह अचानक उपटली तरी तत्काळ बंद होते. रोजच्या कामासाठी, वर्षानुवर्षे वापरायची म्हणून जी सिस्टीम हवी असते तिच्यासाठी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण स्थापना करणेच योग्य. पुढील विवेचन तिच्याविषयी आहे, आणि त्यात लिनक्स मध्यवर्ती आहे, कारण या कामाला आज तीच सर्वांत सोयीची आहे.

बटण दाबल्यापासून पहिल्या फाइलपर्यंत

संगणकाचे बटण दाबल्यावर जो प्रोग्राम सर्वप्रथम चालतो, तो डिस्कवर नसून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये असतो. जुन्या संगणकांत तो बायॉस असे. नव्यांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. बायॉसचे वागणे अगदी साधे होते. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचत असे, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण सापडली की त्या तुकड्याच्या पहिल्या ४४६ बाइटांतील सूचनांवर कारभार सोपवून मोकळा होत असे. हा तुकडा डिस्कवरच असल्यामुळे डिस्क कोणत्याही संगणकाला लावली तरी सुरुवात कोठून करायची ही माहिती तिच्याबरोबरच जात असे.

यूईएफआयची रीत अधिक सुसंस्कृत आहे, पण फिरत्या डिस्कसाठी तीच थोडी घातक ठरते. डिस्कवर फॅट३२ पद्धतीचे एक छोटे पार्टिशन असते. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. सिस्टीम सुरू करून देणारा बूटलोडर त्या पार्टिशनमध्ये एक साधी फाइल म्हणून ठेवलेला असतो. आता प्रश्न असा की, कोणती फाइल चालवायची हे यूईएफआयला कळते कसे? त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात, सिस्टीम स्थापित होताना मदरबोर्डच्या कायमस्वरूपी स्मृतीत एक नोंद लिहिली जाते: अमुक डिस्क, तमुक पार्टिशन, अमुक फाइल. ही नोंद त्या मदरबोर्डवर राहते, डिस्कबरोबर प्रवास करत नाही. दुसरा मार्ग काढता-घालता येणाऱ्या माध्यमांसाठी आहे. नोंद नसली तरी यूईएफआय ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ या उपफोल्डरात एक ठरावीक नावाची फाइल शोधतो. इंटेल आणि एएमडीच्या ६४-बिट संगणकांसाठी ती ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही असते. ती सापडली की, हा संगणक या डिस्कला पूर्वी कधी भेटलेला असो वा नसो, सिस्टीम सुरू होते.

फिरत्या डिस्कचा बूटलोडर या दुसऱ्या जागी असलाच पाहिजे. ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला तर तो तेथे जाऊन बसतो.

येथेच बहुतेकांची पहिली ठेच लागते. स्थापनेच्या वेळी लिनक्ससाठी बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर मात्र आतल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसतो, असा प्रकार उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये अनेक वर्षे चालू होता. वरवर सारे ठीक दिसते, कारण ज्या संगणकावर स्थापना केली तेथे डिस्क व्यवस्थित चालते. घोटाळा नंतर दोन बाजूंनी उघड होतो. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर तो तिला ओळखतच नाही, कारण तिच्यावर बूटलोडर नाही. आणि पहिल्या संगणकाला डिस्क न लावता सुरू करावे, तर विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ग्रबची चौकट उघडून कर्सर लुकलुकत राहतो, कारण बूटलोडर आहे पण त्याला हवी असलेली डिस्क जागेवर नाही. विंडोज पुसले गेलेले नसते, केवळ यूईएफआयच्या यादीत ते मागे पडलेले असते. तरी ज्याचा संगणक आहे त्याची पाचावर धारण बसते ती बसतेच.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे स्थापनेपुरती आतली डिस्क इन्स्टॉलरच्या नजरेआड करणे. डेस्कटॉप संगणकात तिची केबल काढता येते. काही लॅपटॉपच्या यूईएफआयमध्ये तिला तात्पुरते बंद करता येते. तेही शक्य नसेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये यूईएफआयवर चालणारा, स्वतःची एकही डिस्क नसलेला आभासी संगणक तयार करून त्याला केवळ बाहेरची यूएसबी डिस्क जोडावी आणि स्थापना त्याच्या आतच उरकावी. इन्स्टॉलरसमोर एकच डिस्क असेल, तर त्याने चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. मला स्वतःला हा आभासी संगणकाचा मार्ग सर्वांत निर्धोक वाटतो, कारण त्यात स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही आणि घरातील विंडोज चालूच राहते.

सिक्युअर बूटमुळे मात्र सहसा अडत नाही. ही सोय असलेला यूईएफआय केवळ स्वाक्षरी केलेला बूटलोडर चालवतो, आणि उबंटू, फेडोरा, डेबियन यांचा ‘शिम’ नावाचा पहिला टप्पा मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीनिशी येतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये मात्र मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांच्या बूटलोडरसाठी असलेले प्रमाणपत्र मुळात बंद ठेवलेले असते. ते यूईएफआयच्या मांडणीत जाऊन चालू करावे लागते.

नावे, ड्रायव्हर आणि सुरुवातीची फाइल

बूटलोडर सापडला की तो कर्नल आणि त्याच्याबरोबर ‘इनिटरॅमएफएस’ नावाचा एक छोटा गठ्ठा रॅममध्ये आणतो. कर्नलला मूळ डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर त्या गठ्ठ्यात असतात. काही वितरणे, म्हणजे लिनक्सचे तयार संच, हा गठ्ठा बांधताना समोरच्या यंत्राला जे लागेल तेवढेच त्यात घालतात, म्हणजे तो लहान राहतो आणि लवकर वाचला जातो. दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर हीच काटकसर अंगाशी येते: हवा तो ड्रायव्हर गठ्ठ्यात नसतो, आणि मूळ डिस्क सापडत नाही असा संदेश देऊन सुरुवात तेथेच थांबते. डेबियनमध्ये बहुतेक सारे ड्रायव्हर घेण्याचीच मूळ मांडणी आहे. फेडोरामध्ये नेहमीचा गठ्ठा यंत्रापुरता असतो, पण बूटच्या यादीत ‘रेस्क्यू’ नावाने सर्वसमावेशक गठ्ठाही ठेवलेला असतो. फिरत्या डिस्कवर सर्वसमावेशक गठ्ठाच कायम वापरावा. काही मेगाबाइट जास्त गेले तर बिघडत नाही.

डिस्कच्या नावाचीही हीच कथा आहे. लिनक्स डिस्कांना त्या ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नावे देते, त्यामुळे आज ‘एसडीए’ असलेली डिस्क उद्या दुसऱ्या संगणकावर ‘एसडीबी’ होऊ शकते. म्हणून मांडणीच्या फाइलींत ही नावे न लिहिता प्रत्येक पार्टिशनला फॉरमॅटच्या वेळी मिळणारा यूयूआयडी हा स्वतंत्र ओळखक्रमांक लिहितात. आजचे इन्स्टॉलर हे आपणहून करतात. हाताने काही ओळी घातल्या असतील तर त्या एकदा तपासून घ्याव्यात.

इतर ड्रायव्हरांची फारशी काळजी करावी लागत नाही, कारण लिनक्स कर्नलबरोबर हजारो उपकरणांचे ड्रायव्हर येतात आणि समोर जे यंत्र येईल त्यातील उपकरणे पाहून ते त्या त्या वेळी चढवले जातात. दोन अपवाद लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर एका संगणकासाठी बसवला आणि त्यासाठी ग्राफिक्सची मांडणी हाताने लिहून ठेवली, तर इंटेल ग्राफिक्सच्या संगणकावर डेस्कटॉप उघडेलच असे नाही. आणि ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपना स्वतंत्रपणे उतरवावे लागणारे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागते. ते उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे, असा पेच पडतो. अशा वेळी मोबाइल फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देणे, ही युक्ती जवळजवळ नेहमी कामी येते.

कोणती डिस्क घ्यावी

थोडक्यात उत्तर असे की, जिच्या आत तबकडी गरगर फिरते अशी डिस्क घेऊ नये. कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभर वाचनेही पुरी करत नाही. एखादा चित्रपट सलग वाचताना ती सेकंदाला शंभर मेगाबाइटांचा वेग सहज दाखवते म्हणून फसू नये. ऑपरेटिंग सिस्टीमचे वाचन सलग नसते, ते हजारो छोट्या फाइलींचे असते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ती हजारो वाचने सेकंदात उरकते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली २.५ इंची साटा एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) घातली तरी ती या कामाला उत्तम असते. शिवाय लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करताना लोंबणारी तबकडीची डिस्क चालू अवस्थेत खाली पडली तर तिचे टोक तबकडीवर घासते, ही भीतीही एसएसडीत नाही. पेनड्राइव्ह लाइव्ह सिस्टीमसाठी ठीक असते, पण सतत होणाऱ्या छोट्या लेखनाने ती गळपटते आणि झिजतेही लवकर.

पोर्टही पाहावा लागतो. यूएसबी २ चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात तीस-चाळीस मेगाबाइट मिळतात. यूएसबी ३.० चा वेग पाच गिगाबिट आहे आणि त्यावर चांगली एसएसडी सेकंदाला चारशे मेगाबाइटांच्या वर जाते. विजेचा फरकही आहे: यूएसबी २ पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा असते, ३.० ने ९००. डिस्क मधूनच गायब होत असेल तर सिस्टीमवर राग काढण्यापूर्वी पोर्ट आणि केबल बदलून पाहावी. निम्म्याहून अधिक तक्रारी तेथेच मिटतात, असा माझा समज आहे.

विंडोज आणि मॅक

विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीवरील डिस्कवर स्थापना करायला सरळ नकार देतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर ‘विंडोज टू गो’ ही अधिकृत सोय दिली होती, आणि तिची रचना विचारपूर्वक केलेली होती: यजमान संगणकाच्या आतल्या डिस्का मुळात बंद ठेवलेल्या असत, हायबरनेशन (रॅममधील सारे डिस्कवर उतरवून संगणक बंद करण्याची सोय) बंद असे, आणि ड्राइव्ह चुकून निघाली तर सिस्टीम गोठून ६० सेकंद वाट पाहत असे, तेवढ्यात ती परत लावली तर काम पुढे चालू होई. २०२० सालच्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ही सोय काढून टाकण्यात आली. रूफस या मोफत प्रोग्राममध्ये तशी ड्राइव्ह बनवण्याचा पर्याय आजही आहे, पण नेहमीचा विंडोज परवाना यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेला असल्यामुळे प्रत्येक नव्या संगणकावर सक्रियतेचा प्रश्न उभा राहतो.

मॅकवर बाहेरच्या डिस्कवरून मॅकओएस चालवणे ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. टी२ ही सुरक्षा-चिप असलेल्या इंटेल मॅकमध्ये त्यासाठी आधी सुरक्षा-मांडणीत परवानगी द्यावी लागते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये सुरुवातीचे टप्पे आतल्या स्टोरेजवरूनच पार पडतात आणि बाहेरच्या सिस्टीमला त्या त्या मॅकवर मान्यता मिळवावी लागते; त्यामुळे ‘कोणत्याही मॅकला लावा’ हा पूर्वीचा मोकळेपणा तेथे राहिलेला नाही. इंटेल-एएमडीसाठी तयार केलेली लिनक्सची डिस्क या मॅकवर चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याच्या संगणकावर

डिस्क आपली असली तरी संगणक दुसऱ्याचा आहे, याची जाणीव ठेवून काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. परवानगी तर घ्यावीच. त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे सांकेतिक रूपांतर) आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आपण यूईएफआयमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केले किंवा बूटचा क्रम कायमचा बदलला, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. म्हणून कायमची मांडणी बदलूच नये. संगणक सुरू होताना त्या वेळेपुरती यादी उघडणारी कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होवर ती बहुधा एफ१२ असते, एचपीवर एफ९.

आतल्या डिस्कवरील फाइली लागणार असतील तर विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ आडवे येते. त्यामुळे बंद केलेले विंडोज खरे तर अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्स ती डिस्क केवळ वाचण्यापुरतीच उघडते. जबरदस्तीने लिहायला जाऊ नये.

घड्याळाची गंमत आपल्याकडे लगेच लक्षात येते. मदरबोर्डवरील घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज मात्र तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. परिणामी आपण डिस्क काढून गेल्यावर मालकाच्या विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. फिरत्या डिस्कवरील लिनक्सलाही स्थानिक वेळ वापरायला सांगावे. युरोप-अमेरिकेत उन्हाळी वेळेमुळे या उपायाला आक्षेप घेतला जातो. भारतात उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे येथे तो बिनधास्त करता येतो.

बाहेर फिरणारी वस्तू हरवू शकते, म्हणून स्थापनेच्या वेळीच संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन निवडावे. लिनक्समध्ये ते लक्स पद्धतीने होते. त्याची किल्ली संगणकाच्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये ठेवण्याचा पर्याय दिसला तर तो नाकारावा, कारण ती चिप त्या संगणकातच राहते. परवलीचा लांब शब्दसमूह डोक्यात ठेवावा. एवढे करूनही अनोळखी संगणकाच्या कळफलकावर कळांची नोंद करणारे उपकरण बसवलेले असेल, तर एन्क्रिप्शन आपले रक्षण करू शकत नाही. बँकेचे व्यवहार अशा ठिकाणी करूच नयेत.

डिस्क काढताना

साधी डेटाची डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढतात. येथे सिस्टीमच तिच्यावर चालत असल्याने संगणक पूर्ण बंद होईपर्यंत थांबण्यावाचून पर्याय नाही. झोपवून ठेवलेल्या संगणकातून ती कधीही उपटू नये. हायबरनेशन तर बंदच करून टाकावे, कारण एका यंत्रावरील रॅमचे चित्र दुसऱ्या यंत्रावर उघडण्याचा प्रयत्न झाला तर फाइल सिस्टीमचे नुकसान होऊ शकते. मध्येच केबल निसटली तर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमचे जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, तिची रचना बहुधा सावरून घेते, पण नुकतेच लिहिलेले आणि अजून डिस्कवर न उतरलेले काम जाते.

आणखी एक सापळा असा की, हीच डिस्क चालू विंडोजला लावली तर विंडोजला एक्स्ट४ किंवा लक्सचे पार्टिशन वाचता येत नाही आणि ते नम्रपणे विचारते की, डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करायची आहे काय. संपूर्ण बिऱ्हाड त्या एका होकाराने पुसले जाऊ शकते. डिस्क घरातील इतरांच्या हाती पडणार असेल, तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘फॉरमॅट करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण करण्यासाठी एक्सफॅट पद्धतीचे वेगळे पार्टिशन ठेवावे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत मात्र घरी दुसऱ्या डिस्कवर असू द्यावी. दोन्ही डिस्का एकाच पिशवीतून नेऊ नयेत.